बाजेखालची शेगडी

आमच्याकडं उन्हाळ्याची तयारी होते, हिवाळ्याची होत नाही. पूर्णेतल्या माणसाला फिकीर उकाड्याची. घर बांधतानाच आम्ही छत उंच घेतलं, भिंतींना वर झरोके ठेवले आणि मधल्या खोलीच्या खिडकीत भला दांडगा कूलर बसवला. थंडी काय, आठ-दहा दिवस येते. एक वाकळ जास्तीची अंगावर ओढायची, सकाळी अंगणात उन्हाकडं पाठ करून बसायचं, संपलं. पण आता थंडी अशी काही पडायला लागलीय की टीव्हीवाले राज्याचा नकाशा दाखवतात आणि परभणीच्या नावाभोवती लाल गोल काढतात. एरवी आम्हाला कुणी विचारत नाही, पण थंडीसाठी आमचं नाव बातम्यांत येतं. गेल्या हिवाळ्यात समोरची बाई सांगत होती की तिच्या अंगणातल्या परातीत पाण्यावर बर्फाचा पापुद्रा धरला. मी बघायला गेले तोवर ऊन आलं होतं आणि परातीत नुसतं पाणी होतं. बाई थापा मारायलीय असं मी म्हटलं खरं, पण नळाखाली हात धरला तेव्हा बोटं जाग्यावर आहेत का नाहीत तेच कळेना.

नेमक्या त्याच थंडीत माझी लेक पहिल्या बाळंतपणाला माहेरी आलेली. दिवस भरायच्या आधीच ती मोकळी झाली. मुलगी झाली, आणि ती एवढीशी, मांजरीच्या पिल्लाएवढी. हातात घ्यायची मला सुद्धा भीती वाटायची, आणि मी काही कमी लेकरं न्हाऊमाखू घातलेली नाहीत. दवाखान्यात काही दिवस काचेच्या पेटीत ठेवलं. घरी सोडताना डॉक्टरीणबाईंनी एकच गोष्ट बजावून सांगितली, "वजन वाढेपर्यंत हिला गार पडू द्यायचं नाही."

'गार पडणं' हे आमच्याकडं जिवंत माणसाबद्दल बोलत नाहीत. डॉक्टरीणबाईंना ते माहीत नसावं, नाहीतर कामाच्या घाईत त्यांच्या तोंडून निघून गेलं असावं. पण तो शब्द माझ्या छातीत जो रुतला तो रुतलाच. रिक्षात बसले, लेकरू तीन कपड्यांत गुंडाळून मांडीवर, आणि मी सारखा दुपट्याखालून हात घालून तिचे तळपाय चाचपडत होते. ऊन आहेत ना? आहेत. पुन्हा हात. "आई, किती वेळा बघशील गं?" लेक म्हणाली. मी म्हटलं, "तू गप बस."

घरी आमच्या ह्यांनी कंबर कसलेलीच होती. आमचे हे रेल्वेतून रिटायर झालेले. पूर्णा जंक्शनात डब्यांच्या ब्रेकांवर त्यांची सगळी नोकरी गेली. गाडीचा ब्रेक हवेवर चालतो म्हणतात. पाइपातून कुठं हवा गळाली तर ब्रेक सुटत नाही आणि गाडी जागची हलत नाही. म्हणून ही गळती शोधायची. फलाटावर गाडी उभी असताना हे डब्याखाली वाकून कान लावायचे, साबणाचं पाणी लावून बुडबुडा निघतो का बघायचे. सबंध आयुष्य ह्या माणसानं हवा कुठून निसटते ते शोधण्यात आणि ती वाट बुजवण्यात घालवलं. रिटायर झाल्यावर घरात गळायला काही नव्हतं, म्हणून बेजार होऊन ओसरीत बसायचे. आता त्यांना काम मिळालं.

त्यांनी काय करावं? उदबत्ती पेटवली. मला वाटलं देवाला लावायलेत. तर नाही! उदबत्ती हातात धरून मधल्या खोलीच्या भिंतीभिंतीनं फिरायला लागले. जिथं धूर वाकेल तिथं फट. वाकला की खडूनं फुली मारायची. दारावर फुली, खिडकीवर फुली, झरोक्यावर फुली. कूलरपाशी गेले तर धूर असा आडवा झाला की उदबत्तीच विझते की काय.

"हे बघ," मला म्हणाले, "हा कूलर न्हाई, हा दरवाजाच हाय वाऱ्याला. उगं उघडा टाकलाय आपण."

"उन्हाळ्यात गोड लागतो तवा न्हाई दिसत दरवाजा," मी म्हटलं.

पण काम केलं बाई त्यांनी, खोटं कशाला बोलू. बाहेरून कूलरला ताडपत्री बांधली, आतून जुनी वाकळ कोंबली, तिच्यावर गोणपाट ठोकलं. झरोक्यांना पुठ्ठे लावले. मैद्याची खळ शिजवायला मला लावलं आणि खिडकीच्या सांध्यांवर वर्तमानपत्राच्या पट्ट्या चिकटवल्या. दाराच्या खाली माझं जुनं लुगडं पिळून आडवं टाकलं, स्वयंपाकघराकडच्या दाराला सतरंजी लटकवली. खोली आतून किराणा दुकानाच्या गोदामासारखी दिसायला लागली. लेक बाजेवर पडल्या पडल्या हसत होती. "बाबा, मला आत ठेवून वरून पत्ता पण लिहा," म्हणाली.

जावयानं ऑनलाइन हीटर पाठवला होता. तो लावला की मीटरचा खटका पडायचा, आणि खटका नाही पडला तर लाईटच जायची. दोन दिवस ते तमाशे बघितले आणि मी शेगडी काढली.

आता शेगडीबद्दल कुणी मला शिकवायचं नाही. बाळंतिणीच्या बाजेखाली शेगडी ठेवायची, निखाऱ्यांवर ओवा-वेखंड टाकायचं, वरून बाजेच्या सुताच्या पट्ट्यांतून ऊब चढते, कंबर शेकते, लेकरू शेकतं. माझ्या आईनं माझं असंच केलं. पाथरीहून विहीणबाईंचा रोज सकाळी फोन यायचा, त्याही हेच विचारायच्या. "शेगडी ठेवली का? कानाला बांधलं का? विहीणबाई, वारं लागू देऊ नका हो. ओल्या बाळंतिणीला वारं लागलं की जलमभर डोकं धरून बसतीय." मी सांगायची, ठेवली, बांधलं, न्हाई लागू देत. इस्त्रीवाल्याकडनं कोळसा आणायचा, अंगणात पेटवायचा, धूर पूर्ण सरला आणि निखारा लाल झाला की मगच आत न्यायचा. धुराचा एक कण मी त्या खोलीत जाऊ दिला नाही. धूर गेला म्हणजे वाईट ते सगळं गेलं, असंच आम्ही धरून चाललेलो.

सुरुवातीला सगळं ठीक होतं. लेकरू प्यायला लागलं, तळपाय ऊन लागायचे. मी एकदाची निवांत भाकरी थापायला लागले. मग थंडी वाढली. सकाळी रस्त्यावर माणूस दिसेना, पेपरवाला पोरगा उन्हं वर आल्यावर यायला लागला, दूधवाला कानटोपीवर मफलर आणि मफलरवर टॉवेल. शेगडी आधी नुसती अंघोळीनंतर असायची, ती आता संध्याकाळी बी आत जायला लागली आणि लांबत गेली.

आणि लेकीचं डोकं दुखायला लागलं.

आधी सकाळी दुखायचं. अंगणात उन्हाला आणून बसवली की कमी व्हायचं, पण अंगणात किती बसवणार, बाहेर वारं. पुन्हा आत नेली की पुन्हा दुखायचं. मला काय वाटलं? तेच, जे आमच्याकडं कुणालाही वाटेल. वारं लागलं! मी तिच्या डोक्याला फडकं घट्ट आवळलं, कानात कापूस घातला. विहीणबाईंना फोनवर सांगितलं तर त्या कळवळल्या, "कुठून तरी वारं यायलंय बघा. एखादी फट ऱ्हायली असंल. दादांना म्हणावं नीट बघा." आमच्या ह्यांच्या कामाला कुणी नाव ठेवलेलं त्यांना खपत नाही. तडक उठले, उदबत्ती घेतली, पुन्हा पहिल्यापासून फेरी सुरू.

आणि सापडली हो फट. कूलरमध्ये पाणी सोडायची नळी ज्या भोकातून आत येते ना, त्या भोकात नळीच्या बाजूला करंगळी जाईल एवढी जागा होती. धूर तिथं हलकासा मुरडत होता. "हीच ती!" म्हणाले. असा आनंद त्यांना रिटायरमेंटच्या सत्काराला सुद्धा झाला नव्हता. कणिक मळून ते भोक बुजवलं, वरून चिकटपट्टी. मग खोलीच्या मधोमध उभं राहून उदबत्ती धरली. धूर सरळ वर गेला. जरा म्हणून हलला नाही.

"बघ," मला म्हणाले, "गळती न्हाई आता कुठं. एक न्हाई."

मी सुद्धा बघत उभी राहिले. खरं सांगते, बरं वाटलं. नवरा-बायको दोघं मिळून आम्ही त्या लेकराला सगळ्या जगाच्या थंडीपासून बंद करून टाकलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी अंघोळी झाल्या. लेकीला बाजेवर निजवली, लेकरू तिच्या कुशीत, बाजेखाली शेगडी सारली, दार लावलं, लुगडं दाराशी सरकवलं. ऊब म्हणजे आमच्या घरातल्या मांजरीचा जीव, ती माझ्या आधी आत जाऊन शेगडीशेजारी वळकटी करून पडलेली. मी स्वयंपाकघरात अळिवाची खीर ढवळत होते. माझंही डोकं सकाळपासून जड होतं, पण थंडीत कुणाचं नसतं? मध्येच सतरंजी सारून बघून आले. दोघी निजलेल्या. लेकीचे गाल लाल झालेले. मला बाई समाधान वाटलं. म्हटलं, ऊब लागली पोरीला, रंग चढला.

थोड्या वेळानं मांजर सतरंजीखालून बाहेर आलं. आलं म्हणजे काय, चार पाय चार दिशेला पडत होते. उंबऱ्यावर आलं आणि तिथंच ओकलं. मी ओरडले, "मेली, पाल खाल्ली असंल! आत्ताच पुसलंय तिथं!" हे ओसरीत पेपर वाचत होते, आवाज ऐकून आत आले, मांजरीकडं बघायला लागले. तेवढ्यात आतून लेकीच्या उलटीचा आवाज आला.

हे एक क्षण तसेच उभे राहिले. मग माझ्याकडं वळून म्हणाले, "पोरीनं बी पाल खाल्ली का?"

मला आधी राग आला. असल्या वेळी असलं काय बोलायलाव, म्हणणार होते. पण त्यांच्या तोंडाकडं बघितलं आणि शब्द जिभेवरच राहिला. ते हसत नव्हते. त्यांना काहीतरी कळलं होतं, आणि ते मला अजून कळायचं होतं. ते धावत आत गेले. पहिलं काय केलं तर कूलरचं गोणपाट धरून ओढलं. खिळ्यांसकट आलं. वाकळ ओढली, ती अर्धी फाटली. मग शेगडी पायानंच ढकलत दाराबाहेर काढली. मी लेकरू उचललं. ते माझ्या हातात लुळं पडलं होतं, फडक्यासारखं. तळपाय चांगले ऊन होते. एवढे दिवस मी तेच बघत होते ना, पाय ऊन आहेत का. होते की ऊन. आणि लेकरू हलत नव्हतं.

"बाहेर ने! अंगणात ने!"

"अहो, वारं लागंल तिला!" माझ्या तोंडून निघालंच. अशा वेळीसुद्धा निघालं.

"लागू दे वारं!" हे एवढ्या जोरात ओरडले की समोरची बाई दारात आली. "लागू दे!"

अंगणात आले. गार वारं सुटलेलं, सुया टोचल्यासारखं. मी दुपटं बाजूला केलं, तिचं तोंड उघडं केलं आणि तशीच वाऱ्याकडं तोंड करून उभी राहिले. माझ्या हातून होत नव्हतं ते. एवढ्याशा जिवाला मी थंडीच्या तोंडी देत होते. मनात देवाचं नाव सुद्धा येईना, नुसतं रड, रड, रड गं बाई, एवढंच. माझ्या मागं हे लेकीला अर्धवट उचलून ओसरीत आणत होते, ती पाय ओढत होती. आणि वाऱ्याचा एक झोत आला, लेकरानं तोंड वाकडं केलं, नाक आक्रसलं, आणि रडलं. बारीक, चिडकं, मांजरीसारखंच. मी खाली मातीत बसले.

समोरच्या बाईच्या नवऱ्यानं रिक्षा काढली. दवाखान्यात दोघींना नाकाला नळ्या लावल्या. माझ्या डोक्याचं मी काही बोललेच नव्हते, तरी मलाही बसवून घेतलं. डॉक्टरीणबाई त्याच. रागावल्या नाहीत, नुसतं विचारलं की खोलीत कोळसा पेटवला होता का. मग सांगितलं, धूर गेला तरी निखाऱ्यातून एक वायू निघतो, त्याला वास नसतो, रंग नसतो, आणि हवा बदलत नसेल तर तो माणसाच्या रक्तात जाऊन बसतो. गाल लाल दिसतात ते त्यानंच. गालांचं ऐकून मी तोंडावर पदर घेतला. त्या म्हणाल्या, "वेळेवर दार उघडलंत." ते ऐकून आमचे हे मान खाली घालून बाकाची कड चाचपत बसले.

दोघी बऱ्या झाल्या. मांजरीला कुणी दवाखान्यात नेलं नाही, तीही बरी झाली, पण पुढं कित्येक दिवस ती त्या खोलीच्या दाराशी येऊन परत फिरायची.

विहीणबाईंना सांगायचं कसं, ह्याची मला धास्ती. शेवटी सगळं सांगून टाकलं. मला वाटलं, आता ऐकून घ्यावं लागणार. तर त्या म्हणाल्या, "विहीणबाई, मी बाळंत झाले त्या खोलीचं दार नीट लागायचंच न्हाई बघा. वरून पत्र्याला भोकं. शेगडी पेटलेली असली तरी थंडी वाजायची. मी जलमभर त्या घराला नावं ठेवत आले." आणि रडायला लागल्या. मग मी पण रडले. माझ्या आईची खोली मला आठवली, वर कौलं, कौलांतून उजेडाचे कवडसे यायचे. शेगडी तीच, ओवा-वेखंड तेच. आमच्या आयांना फटींनी सांभाळलं, आणि आम्ही फटी बुजवून शेगडी तेवढी ठेवली.

उरलेली थंडी आम्ही बिनशेगडीची काढली. दवाखान्यात शिकवलं होतं तसं लेकराला उघडं करून आईच्या उघड्या छातीवर निजवायचं, वरून वाकळ. लेक जेवायला-अंघोळीला उठली की हे सदरा काढून तयार. मी म्हणायची, "बघा, स्वतःची लेक कधी उचलली न्हाई, नातीसाठी कसे उघडे बसलेत." ते म्हणायचे, "तवा आई असायची ना समोर. बापानं कसं उचलायचं?" आमच्याकडं होतंच तसं, मोठ्यांच्या देखत बाप लेकराला हात लावत नसे. लेक ताटावरून ऐकायची. एकदा मात्र म्हणाली, "बाबा, त्या दिवशी मला उचललंत ना तुमी. मला माहीताय." ते नातीच्या टाळूकडं बघत राहिले. छातीच्या पांढऱ्या केसांत ते एवढंसं डोकं हलत होतं.

मध्ये उन्हाळा आला, कूलर चालला, सगळं विसरल्यासारखं झालं. शेगडी मी माळ्यावर टाकली. "शेगडी तुझी," हे कधी चिडले की म्हणतात. "फटी तुमी बुजवल्या," मी म्हणते. दोघं खरं बोलतो, म्हणून भांडण तिथंच थांबतं.

आता पुन्हा थंडी आलीय. टीव्हीवर पुन्हा लाल गोल. संक्रांतीला लेक आलीय, नात भिंत धरून चालते, कानटोपी ओढून काढते आणि फेकते. काल दिवेलागणीला ह्यांनी कूलरवर ताडपत्री टाकली, झरोक्याचा एक पुठ्ठा लावला, दुसरा लावला नाही. नळीच्या भोकातली कणिक त्यांनी गेल्या वर्षीच कोरून काढलेली. मग उदबत्ती पेटवली आणि मधल्या खोलीत गेले. लेक अंथरूण घालत होती, ती उशी हातात घेऊन तशीच थांबली. मीही दारात थांबले. नात बाजेला धरून वर बघत होती.

ह्यांनी उदबत्ती भोकाजवळ धरली. धूर सरळ वर चालला. हात थोडा खाली घेतला, तरी सरळच. त्यांचा चेहरा असा उतरला की मी एक पाऊल पुढं टाकलं, त्या दुसऱ्या झरोक्याकडं बघितलं, शेगडी तर माळ्यावर आहे हे मनातल्या मनात स्वतःला सांगितलं. बाहेर स्टेशनात गाडी लागत होती, तिचा आवाज येत होता. मग धुराची दोरी हलली, मुरडली आणि खोलीकडं वाकली.

"यायलंय," ते म्हणाले. पुन्हा एकदा धरून बघितलं. "यायलंय वारं. निजव तिला आता."